मुरमाच्या वाटा

रस्ता हा शब्द उच्चारला की आम्हां नाशिककरांच्या डोळ्यांपुढे प्रथम खड्डा उभा राहतो, त्यामागून वाहनांची कोंडी येते आणि शेवटी द्वारकेचा चौक येतो. म्हणून रस्त्यांच्या इतिहासावर चार शब्द बोलतो असे म्हटले, तर श्रोते मनात तक्रारअर्ज लिहू लागतील ही भीती आम्हांस आहेच. परंतु आज ज्या रस्त्यांविषयी बोलावयाचे आहे त्यांच्यावर डांबर नाही, दिवे नाहीत, मैलाचे दगड नाहीत, आणि मुख्य म्हणजे वाहने नाहीत. त्र्यंबकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, गंगापूर धरणाच्या पाठीमागे, इगतपुरीच्या खाचरांमधून, दिंडोरी-चांदवडकडच्या सातमाळ्याच्या उतारांवरून ज्या मुरमाच्या नि खडीच्या वाटा गेल्या आहेत, त्या वाटांचा हा इतिहास आहे.

गेल्या काही वर्षांत ह्या वाटांना नवे वाटसरू मिळाले आहेत. रविवारी पहाटे, तांबडे फुटावयाच्या आत, नाशिकहून सायकलींचे लहानमोठे थवे निघतात. हमरस्त्यावर मालमोटारींच्या भीतीने अंग चोरून चालविण्यापेक्षा ही मंडळी महिरावणी-अंजनेरीच्या बाजूस किंवा पाटाच्या कडेने कच्च्या वाटेला लागतात. परदेशांत ह्या प्रकाराला आता मोठे मानाचे स्थान मिळाले असून, खडीच्या वाटांसाठी रुंद धावांच्या निराळ्या सायकलीच तिकडे घडवितात. आपल्याकडेही त्या विकत मिळतात. त्यामुळे हा सारा मामला अगदी नवा, परका आणि हौशी लोकांचा आहे असा समज होणे साहजिक आहे. सायकल नवी असेल, हौस नवी असेल. पण वाट मात्र नवी नाही, असे आमचे म्हणणे आहे. ती कोणी केली, कशासाठी केली आणि ती रिकामी का राहिली, हे पाहू लागले म्हणजे दोन हजार वर्षांचा इतिहास पायाखाली सापडतो.

प्रथम जमिनीचा विचार करू. जुन्या गॅझेटिअरकारांनी नाशिक जिल्ह्याचे डांग आणि देश असे दोन भाग मानले आहेत. पश्चिमेकडील सह्याद्रीच्या अंगाचा चढउताराचा मुलूख तो डांग, आणि पूर्वेकडे गोदावरी-गिरणेच्या खोऱ्यांतील मोकळा मुलूख तो देश. इगतपुरीस पाऊस सव्वाशे इंचांच्या आसपास पडतो, तर येवल्यास विसाच्या आसपास. एवढा फरक एका जिल्ह्यात! पण खालचा खडक दोन्हीकडे एकच, काळा पत्थर. हा पत्थर ऊनपावसाने झिजून, कुजून भुसभुशीत झाला की त्याचा मुरूम होतो, आणि मुरमाचेही पीठ होऊन सखल भागात साठले की काळी माती होते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते; तिच्यावर गाडी रुतते. मुरमात मात्र कणीही असते आणि ती बांधून धरणारी थोडी मातीही असते. तो पसरून, पाणी मारून दाबला की घट्ट बसतो, आणि दोन्ही अंगांना उतार व चर ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून आपल्याकडे शहाणी वाट सखल काळवटीतून न जाता डोंगराच्या पायथ्याच्या मुरमाड धारेने जाते. कोणा इंजिनिअराने हे शिकविलेले नाही. गुरांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी ते पिढ्यान् पिढ्या तपासून पाहिलेले आहे.

ह्या वाटांचा सर्वांत जुना पुरावा कोठे आहे? तो आपल्या पांडवलेण्यांत आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात राजा नहपान ह्याचा जावई उषवदात ह्याचा जो प्रसिद्ध लेख आहे, त्यात त्याने केलेल्या दानांची यादी दिलेली आहे. त्या यादीत गाई आहेत, गावे आहेत, सोने आहे. पण आम्हांस तीतील वाटसरूंसाठी केलेली दाने अधिक मोलाची वाटतात. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका ह्या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेविल्या, आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या सभा व पाणपोया घातल्या. गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकचा परिसर. शूर्पारक म्हणजे सोपारा. भरुकच्छ म्हणजे भडोच. दमणगंगा आणि पार ह्या नद्या आपल्या पश्चिमेकडील डोंगरांतूनच उगम पावतात. म्हणजे नाशिकहून सह्याद्री उतरून कोकणच्या व गुजरातच्या बंदरांकडे जाणारी रहदारी त्या काळी इतकी होती की, पाणपोई घालणे हे राजजामाताला कीर्तीचे कृत्य वाटले, आणि ते त्याने दगडावर कोरून ठेविले.

त्याच सुमाराच्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात, ज्याला पेरिप्लस म्हणतात, पैठणचा उल्लेख आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर असून तेथून अकीकाचे खडे आणि तेरहून कापड गाड्यांत घालून भडोचला येते, असे तो सांगतो. आणि पुढे म्हणतो की हा माल धड रस्ते नसलेल्या मोठमोठ्या मुलखातून येतो. परक्या खलाशाला जे दिसले नाही ते गाडीवानाला दिसत होते. खलाशी ज्याला रस्ता म्हणत नव्हता, त्याच चाकोरीवर एका साम्राज्याचा व्यापार चालला होता.

चाकोरी हा शब्द आज आपण काहीशा तुच्छतेने वापरतो. अमका चाकोरीतला आहे असे म्हणतो. पण कच्च्या वाटेवर सायकल चालविणाऱ्यास चाकोरीचे मोल ताबडतोब कळते. गाडीच्या चाकाने दाबून दिलेली ती दोन वीत रुंदीची पट्टी सोडली की चाक भुसभुशीत मातीत शिरते आणि स्वाराची धिंड निघते. लहानपणी तासाच्या भाड्याने आणलेली, आमच्या उंचीहून मोठी सायकल घेऊन आम्ही मित्रांसह शहराबाहेर जात असू. चाकोरी सोडल्यावर काय होते ह्याची खूण आमच्या डाव्या गुडघ्यावर अजून शिल्लक आहे.

मराठी भाषेत रस्त्याला किती नावे आहेत पाहा! पाऊलवाट, गाडीवाट, पाणंद, शिवेचा रस्ता, बारी, खिंड, घाट, सडक, हमरस्ता. दोन्ही अंगांना बांध किंवा कुंपण असलेली शेतांमधली अरुंद वाट ती पाणंद. दोन गावांच्या हद्दीवरून जाते ती शिवेची वाट. डोंगराच्या दोन सोंडांमधून पलीकडे काढून देते ती बारी. दगडाची खडी पसरून, दाबून केलेला सरकारी रस्ता ती सडक. ह्यांतील प्रत्येक शब्दामागे निराळा मालक, निराळा वापर आणि निराळा काळ उभा आहे.

बारीचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि लूट घेऊन ते बागलाणातून देशावर येऊ लागले. मोगल सरदार दाऊदखान आडवा आला, आणि १७ ऑक्टोबरला सातमाळ्याच्या रांगेतील कांचनबारीजवळ लढाई झाली. इतिहासात ती वणी-दिंडोरीची लढाई म्हणून गाजली. लढाईचा निकाल सर्वांस ठाऊक आहे. आम्ही एवढेच सुचवितो की, ओझ्याने लादलेली जनावरे घेऊन हजारो माणसे ज्या अर्थी त्या बारीने येऊ शकली, त्या अर्थी तेथे जनावरे चालतील अशी रुळलेली वाट होती. ती वाट लष्कराने केली नव्हती. लमाणांच्या तांड्यांनी, धनगरांच्या मेंढरांनी आणि सप्तशृंगीला जाणाऱ्या यात्रेकरूंनी ती आधीच करून ठेविली होती. लढाया वाटांवर होतात; पण वाटा करणारे लोक निराळेच असतात.

यात्रेकरूंचे तर ह्या मुलखावर मोठेच ऋण आहे. चैत्रात खानदेशातून पायी चालत सप्तशृंगीच्या गडाकडे येणारे भाविक, पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकास येणाऱ्या दिंड्या आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीला होणारी फेरी ह्या अजून चालू आहेत. फेरीची वाट डोंगराच्या पायथ्यापायथ्याने जाते. वर्षातून एका दिवशी तिच्यावर पाऊल ठेवावयास जागा नसते, आणि एरवी ती सायकलस्वाराला व गुराख्याला मोकळी असते. वाट जिवंत ठेवावयास रोजची रहदारी लागतेच असे नाही. श्रद्धेने वर्षातून एकदा चालले तरी ती मोडत नाही.

आता इंग्रजी अमलाकडे येऊ. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांच्या देखरेखीखाली जमिनीची नवी मोजणी सुरू झाली, आणि पुढील काळात ती नाशिकच्या मुलखातही आली. मोजणी केली ती सारा ठरविण्यासाठी. पण तिच्यातून प्रत्येक गावाचा नकाशा तयार झाला, आणि त्या नकाशावर वाटा उमटल्या. ह्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशेब आपण अजून करतो. रस्त्यांची रुंदीही त्याच साखळीवर बसविलेली दिसते. नकाशात तुटक दुहेरी रेषेने दाखविलेला गाडीमार्ग साडेसोळा फुटांपासून पुढे, म्हणजे निदान अर्धी साखळी. आणि तुटक एकेरी रेषेने दाखविलेला पायमार्ग सव्वाआठ फूट, म्हणजे पाव साखळी. आजही तलाठ्याकडील किंवा भूमी अभिलेखाच्या कचेरीतील गावनकाशा उघडून पाहिला, तर ह्या तुटक रेषा मुंग्यांच्या रांगांसारख्या शिवारभर पसरलेल्या दिसतात. आमच्या मते सायकलस्वारासाठी छापलेल्या कोणत्याही नकाशाहून हा नकाशा सरस आहे.

नकाशावर वाटा उमटल्या त्याच शतकात त्या ओसही पडू लागल्या. मुंबई-आग्रा सडक थळघाटातून नाशिकवरून गेली. तिच्यामागून आगगाडी आली. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे हा पहिला मार्ग सुरू झाला, आणि १८६५ च्या १ जानेवारीला थळघाटाचा चढ लोहमार्गासाठी खुला झाला. सदतीस फुटांमागे एक फूट इतका तो चढ आहे. त्याबरोबर कोकणातून मीठ वर आणणारे आणि देशावरचे धान्य खाली नेणारे बैलांचे तांडे निकामी झाले. शेकडो वर्षे ज्या लहान लहान घाटांनी हा व्यापार चालला, त्यांच्यावर गवत वाढले. आपल्या नाशकातही असेच एक उदाहरण घडले. स्टेशनापासून गावापर्यंत १८८९ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत ती बंदही झाली. आज तिचा रूळही दिसत नाही. प्रत्येक नवे वाहन जुन्या वाटेला पेन्शनीत काढते. पण पेन्शनीत निघालेली वाट मरत नाही. ती केवळ शांत होते. आज सायकलस्वार ज्या शांततेच्या शोधात असतो, ती अशा रीतीने तयार झालेली आहे.

तथापि सगळ्याच वाटा इतक्या सुखासुखी झालेल्या नाहीत. डोंगरपायथ्याच्या मुलखात, विशेषतः सिन्नर, चांदवड, नांदगावकडे, काही खडीचे रस्ते सरळ रेषेत जातात आणि मध्येच संपतात. ते कोठून कोठे जातात हे कळत नाही. हे रस्ते पोहोचण्यासाठी केलेलेच नव्हते. ते पोट भरण्यासाठी केलेले होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारने जी दुष्काळी कामे काढली, त्यांत खडी फोडणे हे मुख्य होते. सर रिचर्ड टेंपल ह्यांनी काटकसर म्हणून मजुराची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी उतरविली. त्याविरुद्ध उपाशी मजुरांनी काम सोडून संप केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळी कामांचे कायदेशीर नियम झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पुन्हा हातोडे, पुन्हा खडी.

स्वातंत्र्यानंतरही हे चुकले नाही. १९७२ चा दुष्काळ आठवणारी मंडळी ह्या पटांगणात आज बसलेली असतील. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, बांधबंदिस्ती आणि रस्ते ही ती कामे होती. लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी ह्यांवर कितीएक घरांनी ते वर्ष काढले. ह्याच अनुभवातून वि. स. पागे ह्यांनी पुरस्कारलेली रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अमलात आला. देशाने २००५ साली ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभवच त्याच्या पाठीशी होता.

दोन-तीन वर्षांपूर्वी सिन्नरच्या बाजूस अशाच एका रस्त्यावर आम्ही सायकल उभी करून चाकाला हवा भरत होतो. शेळ्या घेऊन चाललेली एक वृद्ध बाई थांबली. “रस्ता चुकले का, भाऊ?” तिने विचारले. आम्ही सहज हिंडावयास आलो आहोत, रस्ता फार छान आहे, असे सांगितले. बाई हसली. “चांगला नसल तर काय! बहात्तरला आम्हीच केलाय. खडी फोडू फोडू हाताला घट्टे पडले व्हते. माझी आई त्या तिकडल्या वळणावर टोपली घेऊन बसायची.” मग तिने पायानेच एक दगड बाजूला सारला आणि ती शेळ्यांमागे निघून गेली. त्या दिवसापासून खडीचा खडखडाट आमच्या कानांस निराळा ऐकू येतो. प्रत्येक खडा कोणाच्या तरी हाताखालून गेलेला आहे, आणि तो भुकेच्या मापाने मोजून घेतलेला आहे.

तिसऱ्या जातीच्या वाटा पाण्याने केल्या. बागलाणात मोसम नदीवर जुन्या बंधाऱ्यांचे पाट आणि त्यांवरची फड पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली, आणि पाटाच्या कडेने पाटकऱ्याची पाऊलवाटही. विसाव्या शतकात मोठे कालवे आले. गोदावरी आणि कादवा ह्यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे १९०७ ते १९१३ ह्या काळात दगडी बंधारा झाला. वर दारणेचे धरण बांधून त्याला पाणी पुरविण्यात आले, आणि खाली दोन्ही तीरांचे कालवे नगर जिल्ह्यापर्यंत गेले. नाशिकच्या उशाशी गंगापूरचे मातीचे धरण १९६५ साली पुरे झाले. कालवा म्हटला की त्याच्या भरावावरून तपासणीसाठी रस्ता ठेवावाच लागतो. कालव्याला उतार इतका मंद द्यावा लागतो की तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच्या कडेचा रस्ताही जवळजवळ सपाट. डोंगराच्या उतारावरून वळणे घेत जाणारा, चढ नसलेला, एका अंगाला पाणी आणि बाभळी-निंबांची सावली असलेला हा मार्ग एखाद्या सायकलस्वाराने आखला असता तरी ह्याहून चांगला आखला नसता. नांदूर मध्यमेश्वरच्या ज्या गाळपेरात थव्याने पाखरे उतरतात, त्या पाणथळीला २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले. महाराष्ट्रातील ती पहिली. पाखरांनाही रहदारी नसलेली जागाच आवडते, असे दिसते.

आता सायकलीकडे वळू. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल द्राइस ह्याने दोन चाकांचे लाकडी यंत्र केले. तो त्यावर बसून पायांनी जमीन ढकलीत असे. १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्लीने दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी रोव्हर सायकल आणली, आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेची रबरी धाव काढली. ह्या तिसऱ्या शोधाचे महत्त्व आपल्या खेड्यांनी बरोबर ओळखले. पुढे बैलगाडीला रबरी चाके लागली तेव्हा लोक तिला सरळ डनलॉप गाडी म्हणू लागले. लोखंडी धाव खडी चिरडते आणि रस्ता फोडते. हवेची धाव रस्त्यावरून तरंगत जाते. म्हणजे कच्च्या रस्त्याचा शत्रू पाऊस, दुसरा शत्रू लोखंड, आणि मित्र सायकल!

येथे इतिहासाची एक गंमत सांगितली पाहिजे. पक्क्या, गुळगुळीत रस्त्यांची मागणी जगात प्रथम मोटारवाल्यांनी केली नाही. ती सायकलवाल्यांनी केली. इंग्लंडात १८८६ साली रस्ते सुधारण्यासाठी जी संस्था निघाली ती सायकलस्वारांच्या मंडळांनी काढली, आणि अमेरिकेत चांगल्या रस्त्यांची चळवळही त्यांनीच उभी केली. रस्ते चांगले झाले, मोटारी आल्या, आणि सायकलस्वार कडेला ढकलला गेला. आपल्याकडे १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविषयक समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी निर्माण झाला. १९४३ साली नागपूरच्या परिषदेत देशभरच्या रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे आणि गावचे अशी प्रतवारी ठरली. पैसा पेट्रोलमधून आला, तेव्हा रस्ताही पेट्रोलच्या सोयीने झाला, ह्यात कोणाचा दोष नाही. पण परिणाम काय झाला? २०२५ च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला होऊन सातशे एक किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाला. आपल्या डोंगरातून जाणारा तो बोगदा अभिमानास्पद आहे ह्यात शंका नाही. परंतु त्या मार्गावर सायकलीला प्रवेशच नाही. दोन चाकांनी मागितलेला चांगला रस्ता असा चार चाकांना मिळाला.

नाशिकने सायकल सोडली नाही हे मात्र सांगितले पाहिजे. आपल्या शहरातील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र ह्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे तीन हजार मैलांची शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. आषाढीच्या सुमारास येथून पंढरपूरला सायकलींची वारीही जाते. पण आम्हांस वाटते, ह्या जिल्ह्यातील खऱ्या सायकलस्वार त्या नव्हेत ज्यांची छायाचित्रे छापून येतात. आदिवासी तालुक्यांतून मानव विकास कार्यक्रमात ज्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, त्या मुली रोज पाड्यापासून शाळेपर्यंत ह्याच मुरमाच्या वाटांनी जातात. त्यांना कोणी पदक देत नाही. वाट मोडली तर आमचा एक रविवार फुकट जातो. त्यांची शाळा सुटते.

आणि वाटा मोडत आहेत. मागे डोंगरपायथ्याच्या एका गावी नकाशातली तुटक दुहेरी रेषा धरून आम्ही निघालो, तो अर्ध्या मैलावर तारेचे कुंपण आणि पलीकडे द्राक्षाचा मळा. बांधावर बसलेल्या शेतकऱ्याला नकाशा दाखविला. तो म्हणाला, “नकाशात वाट हाय, पायाखाली न्हाई.” ह्या पाच शब्दांत साऱ्या जिल्ह्याची हकीकत आली. जमिनीचा भाव वाढला की साडेसोळा फुटांचे दहा होतात, दहाचे चार होतात आणि मग नांगर फिरतो. कायदा नाही असे नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली वाटेतील अडथळा दूर करविता येतो, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने बांधावरून वाट मागता येते. २०२१ पासून शेत-पाणंद रस्त्यांसाठी शासनाची योजनाही आली. पण दावा लावणारा शेतकरी आणि वाट अडविणारा शेतकरी एकाच भावकीतले असतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कलमांची मर्यादाही ठाऊक आहे.

दुसऱ्या बाजूने डांबर येते. ह्याविषयी आम्ही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. शहरातला सायकलस्वार खेड्यातल्या कच्च्या रस्त्याचे कौतुक करू लागला की खेड्यातल्या माणसाला राग येतो, आणि तो योग्य आहे. ज्या पाड्यावरून आषाढात बाळंतिणीला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, तेथे मुरमाच्या सौंदर्यावर व्याख्यान देणे हा निर्दयपणा होय. माणसांच्या वस्तीला जोडणारा रस्ता पक्काच हवा, बारमाही हवा, आणि तो उशिरा होतो आहे हीच तक्रार आहे. आमचे म्हणणे वस्तीच्या रस्त्याविषयी नाही. शेताला जाणारी पाणंद, शिवेची वाट, कालव्याचा भराव आणि फेरीची पायवाट ह्यांना डांबराची गरजच नाही. त्यांना हवा आहे चांगला मुरूम, दोन्ही बाजूंना चर, ओढ्यावर एखादी नळाची मोरी, आणि नकाशाइतकी रुंदी. शेतकऱ्याला द्राक्षाची गाडी बाहेर काढावयास नेमके हेच पाहिजे. शाळेच्या मुलीला हेच पाहिजे. आणि सायकलस्वारालाही हेच पाहिजे. तिघांचे हित एका वाटेवर येते असे प्रसंग थोडे असतात. हा त्यांपैकी एक आहे.

तेव्हा रविवारी सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्या मंडळींस आमची एक विनंती आहे. गावाच्या वाटेने जाताना त्या गावचा नकाशा एकदा पाहावा. वाट कोठे अडली आहे, मोरी कोठे वाहून गेली आहे, ह्याची टिपणे ठेवावीत, आणि ग्रामसभेत कोणी वाटेची मागणी करीत असेल तर त्याच्या हाती ती द्यावीत. दर आठवड्याला शिवारभर हिंडणारी, वाचता-लिहिता येणारी अशी माणसे गावांना पूर्वी कधी मिळाली नव्हती. आजवर वाटेने आम्हांला पुष्कळ दिले. वाटेचे साक्षीदार होणे एवढे तरी आम्ही करू शकतो.

उषवदाताने नद्यांवर फुकट नावा ठेविल्या आणि तीरांवर पाणपोया घातल्या. त्याच्या नावा कधीच कुजून गेल्या. पण वाट मोकळी ठेवणे हे पुण्य आहे, ही समजूत त्याने आपल्या डोंगरावर कोरून ठेविली आहे, आणि ती अजून वाचता येते. त्या डोंगराच्या पायथ्याशी आज हमरस्ता अहोरात्र गरजत असतो. त्याकडे पाठ करून पश्चिमेला निघावे. तासाभरात मुरूम लागतो, चाक खडखडू लागते, आणि सिन्नरच्या त्या बाईचा शब्द आठवतो. ही वाट आपोआप झालेली नाही. कोणी तरी ती केलेली आहे, आणि आता ती राखणे आपल्याकडे आले आहे.